पुसट अक्षर, अंदाजपंचे मेंदू

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास राज्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये एका जुन्या कसबाला अचानक भाव आला. मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. सुरुवातीला मराठवाड्यापुरतं असलेलं हे काम पुढे राज्यभर पसरलं आणि नगर जिल्ह्यातल्याही (अहिल्यानगर हे नाव मिळायला तेव्हा अजून वर्षभर अवकाश होता) अभिलेख कक्षांतून जुनी दप्तरं बाहेर निघाली. गाव नमुना १४, म्हणजे गावोगाव ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही, जमिनीचे कागद, शाळेची दाखल-खारीज रजिस्टरं. यातले कितीतरी कागद मोडीत लिहिलेले. जन्मभर मराठीतच फायली हातावेगळ्या करणारे कारकून या मराठी कागदांपुढे अडून बसले आणि मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली.

मुरलेला मोडी वाचक कामाला बसला की बघण्यासारखं असतं. तो पहिल्या अक्षरापासून एकेक अक्षर लावत जात नाही. आधी कागदावरून एकदा नजर फिरवतो. कागद कसला आहे, साधारण कोणत्या काळातला, कोणी कोणाला लिहिलेला. मग एखादा ओळखीचा शब्द पकडतो. ‘मौजे’ सापडलं की पुढे गावाचं नाव येणार. ‘बिन’ सापडलं की त्याच्या मागे मुलगा आणि पुढे बाप. पुढचं अक्षर वाळवीनं खाल्लेलं असलं तरी त्या परगण्यातल्या गावांची नावं तोंडपाठ असल्यामुळे ‘पा’ आणि शेवटी ‘र’ एवढ्यावर तो ‘पारनेर’ म्हणून मोकळा होतो. बहुतेक वेळा बरोबर असतो.

त्याला असं वाचावं लागतं, कारण मोडीची घडणच तशी. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं जवळपास नाहीत, इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, संक्षेपांची रेलचेल. ‘र’ तर शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलतो. लिहिणाऱ्याला ही लिपी अतिशय सोयीची; सगळा भार वाचणाऱ्यावर. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात अशा कागदांचा मोठा साठा आहे आणि नुसता एक कागद समोर धरला तरी लक्षात येतं, की शाई, कागद आणि वळण या तिन्हींनी दगा दिल्यावर वाचणाऱ्याच्या हाती उरते ती भाषा.

मेंदूच्या अभ्यासकांना गेल्या पन्नासेक वर्षांत जे सापडलं ते याच्या फार जवळचं आहे. अक्षर स्वच्छ असेल तर मेंदू डोळ्याच्या जिवावर वाचतो. ते पुसट, वाकडं, गिचमिड किंवा फार बारीक झालं की तो भाषेच्या भांडवलावर वाचू लागतो. ज्याच्याकडे हे भांडवल मोठं, त्याचं निभावतं. लहान मूल, नवसाक्षर प्रौढ किंवा दुसऱ्या भाषेत वाचणारा माणूस यांची गाठोडी हलकी असतात, आणि नेमकं त्यांच्याच हातात सगळ्यात वाईट छपाई पडते.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जातो असं आपल्याला वाटतं. तो सरकत नाही, उड्या मारतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत हे प्रथम नीट नोंदवलं गेलं. दोन उड्यांच्या मध्ये डोळा साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाव भाग, एका जागी थांबतो आणि त्या थांब्यात नजरेच्या मध्यावरची मोजकी अक्षरंच स्पष्ट दिसतात. तिथून संदेश डोक्याच्या मागच्या भागात जातो आणि पुढे डाव्या बाजूला, मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या पट्ट्यात पोचतो. शिकलेल्या माणसाच्या मेंदूत हा पट्टा लिखित शब्दांना खास प्रतिसाद देतो. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहान त्याला मेंदूची अक्षरपेटी म्हणतात. निरक्षर माणसातही हा भाग असतोच, तो चेहरे आणि वस्तू ओळखायच्या कामात गुंतलेला असतो. वाचायला शिकलं की त्यातली काही जागा अक्षरांना मिळते. मराठी, चिनी, अरबी, कोणतीही लिपी घ्या, पत्ता साधारण तोच.

देहान, लॉराँ कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सराईत वाचणाऱ्यांना स्कॅनरमध्ये झोपवून शब्द दाखवले, पण ते तीन तऱ्हांनी बिघडवलेले: काही तिरके फिरवलेले, काहींच्या अक्षरांत अंतर वाढवलेलं, काही नजरेच्या कडेला सरकवलेले. बिघाड थोडा असेपर्यंत काहीच फरक पडला नाही. आखूड शब्द आणि लांब शब्द वाचायला जवळपास सारखाच वेळ, कारण सराईत मेंदू सगळी अक्षरं एकदम उचलतो. बिघाड एका मर्यादेपलीकडे गेला आणि चित्र पालटलं. आता प्रत्येक जादा अक्षरासाठी जादा वेळ लागू लागला आणि मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातलं लक्ष केंद्रित करणारं जाळं पेटून उठलं. म्हणजे पदवीधर माणूस घटकाभर पहिलीच्या पोरासारखा ‘क-म-ळ’ करत वाचायला लागला होता. हे उतरणं हळूहळू होत नाही. मर्यादेपर्यंत मेंदू सगळं निमूट सांभाळून घेतो, आणि मग एकदम हात टेकतो. आकाराचंही तसंच. अमेरिकेतले गॉर्डन लेग यांनी अनेक वर्षं मोजमापं घेऊन दाखवलं, की एका ठराविक आकाराच्या वर अक्षर कितीही मोठं केलं तरी वाचनाचा वेग फारसा वाढत नाही, पण त्याखाली तो धाडकन कोसळतो. शाईच्या फिकेपणालाही मेंदू बऱ्यापैकी दाद देत नाही, जोवर अक्षर पुरेसं मोठं आहे. बारीक आणि फिकं एकत्र आलं की मात्र पंचाईत.

मोडी वाचकाची युक्ती प्रयोगशाळेत पकडली गेली ती त्याच्याही आधी, १९७५ मध्ये. डेव्हिड मेयर, रॉजर श्वानेवेल्ट आणि मार्गारेट रूडी यांनी लोकांना शब्दांच्या जोड्या दाखवल्या. ‘डॉक्टर’ वाचल्यावर ‘नर्स’ हा शब्द लवकर ओळखता येतो, ‘लोणी’ वाचल्यावर नाही. हे आधीच माहीत होतं. त्यांनी दुसऱ्या शब्दावर ठिपक्यांची जाळी टाकून तो पुसट केला. ओळखायला वेळ वाढला हे उघडच, पण आधीच्या शब्दाची मदत स्वच्छ शब्दाच्या मानानं पुसट शब्दाला जास्त झाली. अक्षर जितकं अंधुक तितका मेंदू संदर्भावर जास्त रेलतो. ठिपक्यांच्या जाळीच्या जागी वाळवीची भोकं ठेवा, ‘डॉक्टर’च्या जागी ‘मौजे’.

या उसनवारीला किंमत मोजावी लागते, ती वेळात. वाक्यात न बसणारा शब्द आला (समजा, आईनं ताटात गरम गरम मोजे वाढले) तर कवटीवर लावलेल्या विद्युतपट्ट्यांना सुमारे ४०० मिलिसेकंदांवर एक ठळक लाट सापडते. मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८० मध्ये नोंदवली, तेव्हापासून अर्थ लागण्याची खूण म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं. शब्द पुसट केला की ही लाटच उशिरा येते. उशीर सेकंदाच्या बारीकशा तुकड्याचा, पण तो शब्दाशब्दाला साठत जातो, आणि तोवर वाक्याची सुरुवात डोक्यात धरून ठेवावी लागते. फिकट झेरॉक्स वाचून ‘डोकं उठतं’ ते उगीच नाही.

पण संदर्भाची ही मदत बिनचूक नसते, आणि याचं मराठीतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शनिवारवाड्यातलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’ असं होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, ही कथा शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकांना ती सिद्ध वाटत नाही, आणि आनंदीबाईंवर हा डाग कायमचा चिकटला यात अन्याय असण्याचीही शक्यता आहे. तरी कथेची ताकद कुठे आहे ते बघण्यासारखं आहे. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ ही दोन्ही वाक्यं त्या कारस्थानात बसतात. संदर्भ तेव्हाच वाचवतो, जेव्हा एकच वाचन अर्थपूर्ण असतं. दोन्ही शक्य असतील तर मेंदू थांबून विचारत नाही. जे अपेक्षित होतं तेच त्याला दिसतं, आणि तेही अगदी छातीठोकपणे. यंत्राचीही गत वेगळी नाही. २०२५ मध्ये आयआयटी रूडकीनं मोडीचं देवनागरीकरण करणारी प्रणाली जाहीर केली, दोन हजारांहून अधिक पानांच्या प्रतिमांवर शिकवलेली. तिच्यातही नुसती आकार ओळखणारी दृष्टी पुरली नाही, भाषेचं प्रारूप जोडावं लागलं. यंत्राचं वाचनही मग त्याच दोन पायांवर उभं राहतं, आणि भाषेचा पाय जड झाला की त्याचाही असाच तोल जाऊ शकतो.

पोथ्यांच्या नकलांतही हेच घडत आलं. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके १२१२ मध्ये. सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली असं परंपरा मानते. त्यानंतर तीन शतकं ती हातानं नकलून पसरत राहिली. जुन्या पोथीत ओळ सलग असते. शब्द एकमेकांना चिकटलेले, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ओवीचे चरण आणि यमक आधाराला असतात, आणि पोथी मोठ्यानं म्हटली जात असल्यामुळे कान डोळ्याला सावरून घेतो. पण नकलणाराही आधी वाचणाराच असतो. त्यानं शब्द चुकीच्या जागी तोडला, जुनं रूप न कळून ओळखीचं लिहिलं, की पुढच्या प्रतीत तेच खरं. पाठभेद इतके साचले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. मराठीतलं पहिलं मोठं संपादन असं ज्याचं कौतुक होतं, त्याच्या मुळाशी डोळ्याला न दिसणाऱ्या शब्दसीमांचाही वाटा असणार.

दोन शब्दांतली रिकामी जागा ही लेखनातली फार उशिरा सुचलेली सोय. युरोपातही ती सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठांतल्या लेखनिकांनी रुजवली. त्यांना लॅटिन परकी होती, म्हणून त्यांना तिची गरज भासली. आजच्या इंग्रजी मजकुरातल्या जागा काढून टाकल्या तर वाचनाचा वेग सुमारे ३० ते ५० टक्क्यांनी घटतो, असं कीथ रेनर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं. कारण सोपं आहे. डोळ्याला पुढची उडी कुठे मारायची हे ती जागाच सांगते.

मराठीत हे चित्र छापखान्यानं बदललं आणि त्यातही नगरचा थोडा हात आहे. अमेरिकन मराठी मिशननं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू केलं ते अहमदनगरहून. मिशनच्याच मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे लहान, सुबक खिळे पाडले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला. ज्यांच्या घरी निर्णयसागरची जुनी पोथी आहे त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. शंभर वर्षांनंतरही अक्षर काळंभोर आणि कडा करकरीत. खिळे जुळवणाऱ्याचं काम मात्र जीवघेणं होतं, कारण देवनागरीची ओळ तीन मजल्यांची: वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार आणि ऋकार. रोमन अक्षराइतक्याच उंचीत हे तिन्ही मजले बसवायचे, तर मधलं अक्षर दबून बारीक होतं. इंग्रजीशेजारी त्याच मापात छापलेलं मराठी नेहमी लहान दिसतं ते यामुळे. फॉर्मवर दोन्ही भाषांना एकच माप लावणारा माणूस समान वागणूक दिल्याच्या समाधानात असतो, आणि मराठी वाचणारा चष्मा शोधत असतो.

शिवाय देवनागरीत काही जोड्या अशा आहेत की त्यांच्यात रेघेच्या तुकड्याचाच फरक. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’. यांत शिरोरेषा कुठे तुटते एवढंच बघायचं असतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की शाई त्या फटीत भरते आणि ‘धर’चं ‘घर’ होतं, ‘भरणा’चा ‘मरणा’ होतो. (पतपेढीतल्या पावतीवर हा विनोद अनेकांनी केला असेल.) ‘रवा’ आणि ‘खा’ यांचं भांडण तर जुनंच. ‘ख’चा ‘र’ आणि ‘व’ सुटे पडू नयेत म्हणून लिपी सुधारताना त्यांचे पाय खाली जोडून टाकले. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमाला प्रमाण केली, त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणंही पक्की केली. संगणकावर हिंदी वळणाचा ‘ल’ सर्रास दिसतो, त्यानं वाचन अडत नाही, पण डोळ्याला खडा लागतो खरा.

आता नगरच्या माळीवाडा बसस्थानकावर संध्याकाळी उभं राहा. एसटीच्या कपाळावर ठिपक्या-ठिपक्यांच्या दिव्यांची पाटी. गाडी वळणावर आहे, पाटी तिरकी दिसतेय, दोन-चार दिवे गेलेले, अक्षरं सरकतायत. ‘श्री’ दिसतं आणि श्रीरामपूरला जायचं असलेली माणसं पिशव्या उचलून धावतात. गाडी श्रीगोंद्याची असते. एक गाव नगरच्या उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. मनमाड रस्त्यावरच्या ‘राहुरी’ आणि ‘राहाता’ यांचंही तेच. पहिलं दीड अक्षर सारखं, फरक एका उकारात आणि शेवटच्या अक्षरात, आणि उकार तर ठिपक्यांच्या पाटीवर सगळ्यात आधी गायब होतो, कारण खालच्या मजल्याला ठिपके पुरत नाहीत. धावणाऱ्यांनी वाचायचा आळस केलेला नसतो. तिरकी, तुटकी, हलती पाटी म्हणजे कोएन-देहान यांच्या प्रयोगातले सगळे बिघाड एकदम, आणि जोडीला ज्या गाडीची वाट पाहतोय तिची अपेक्षा. जुन्या गाड्यांना रंगवलेली पत्र्याची पाटी असायची, पिवळ्यावर काळं किंवा तत्सम, जाड ब्रशनं. ती लांबून वाचता यायची. प्रगती नेहमी पुढेच नेते असं नाही.

फ्लेक्सबद्दल बोलावं तितकं थोडं. पिवळ्या अक्षराला लाल काठ, लाल काठाला पांढरी सावली, मागे नेत्याचा चेहरा आणि त्यामागे फुलं. आपल्याला तो फ्लेक्स ‘वाचता’ येतो, कारण वाढदिवसाच्या शुभेच्छांत नवं काहीच नसतं. मजकूर आधीच माहीत असतो. त्याच सजावटीत पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा फलक केला तर कुणाला काही कळणार नाही.

सर्वांत जास्त काळजी करायला हवी ती शिकणाऱ्यांची. टेक्सासमधल्या मानसशास्त्रज्ञ ज्योत्स्ना वैद आणि दिल्लीच्या अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये देवनागरी वाचनावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर. ही उलटापालट असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागतो, असं त्यात आढळलं. लखनौजवळच्या खेड्यांत झालेला आणखी एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कधीच शाळेत न गेलेल्या, बहुतांश स्त्रियांना, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं. बदल फक्त वरच्या थरात नव्हते. डोळ्यांची हालचाल आणि लक्ष वळवणं सांभाळणाऱ्या, मेंदूच्या पार आतल्या, जुन्या भागांचे वरच्या भागाशी असलेले दुवेही सहा महिन्यांत घट्ट झालेले दिसले. तिशीतल्या बायकांचा मेंदू अक्षरांसाठी इतका वळू शकतो. मग त्यांच्या हाती येणारं पुस्तक कसं छापलेलं आहे, याला किती महत्त्व असेल.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवरचा एक प्रयोग यासंदर्भात फार बोलका आहे. मार्को झोर्झी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इटली आणि फ्रान्समधल्या ७४ मुलांना साधा मजकूर दिला आणि तोच मजकूर अक्षरांत जास्त अंतर ठेवून दिला. काहीही न शिकवता, नुसत्या अंतरानं, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि चुका निम्म्यावर आल्या. शेजारची अक्षरं एकमेकांवर गर्दी करतात ती गर्दी हटली. हे वाचून उत्साही माणूस मराठीतही तेच करायला जाईल, तर जरा थांबावं. देवनागरीत अक्षरं सुटी केली की शिरोरेषा तुटते, आणि शब्दाला एकत्र बांधणारी दोरी तीच आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये तर मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जाऊन पडतं. मराठीत ओळींमधलं अंतर वाढवणं, शब्दांमधली जागा मोकळी ठेवणं आणि मूळ माप मोठं घेणं हे कमी धोक्याचे मार्ग.

जोडाक्षरांचा वाद याच प्रश्नाची मराठी आवृत्ती आहे. ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’ अशी एकमेकांत गुंतलेली रूपं मुलाला चित्रासारखी पाठ करावी लागतात. म्हणून बालभारतीच्या पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असं पाय मोडून, अक्षरं शेजारी-शेजारी ठेवून छापलं जाऊ लागलं. पालकांनी आणि लेखकांनी नाकं मुरडली: हे काय विद्रूप! दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. ज्याची अक्षरपेटी ‘विद्यार्थी’ हे रूप हजारदा गिळून बसली आहे, त्याला मोडलेलं रूप ठेच देतं. ज्याला अजून ‘द’ आणि ‘य’ वेगळे दिसायला हवेत, त्याला तेच रूप हात देतं. भांडण पिढ्यांच्या डोळ्यांचं आहे, आणि पहिलीच्या पुस्तकात निर्णय मुलाच्या बाजूनं लागला याबद्दल तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही.

मध्यंतरी याच्या अगदी उलट एक कल्पना गाजली होती. अक्षर मुद्दाम कठीण करा, म्हणजे मेंदू कष्ट घेईल आणि लक्षात जास्त राहील! २०११ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका शाळेत अवघड वळणाचे टंक वापरून चांगले निकाल मिळाल्याचं सांगितलं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठानं तर २०१८ मध्ये ‘सान्स फर्गेटिका’ नावाचा, मागे झुकलेला आणि मध्ये फटी असलेला टंकच काढला. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. पुढे बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा फायदा उरला नाही, आणि २०२० मधल्या चाचण्यांत त्या खास टंकानंही स्मरणाला मदत केली नाही. तेव्हा गिचमिड अक्षरात फळा लिहिणाऱ्या मास्तरांना शास्त्राचा आधार नाही.

उलट दिशेचा एक निष्कर्ष मात्र शेतकऱ्यांच्या जिल्ह्यानं लक्षात घ्यावा असा आहे. ह्युंजिन साँग आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना व्यायामाच्या त्याच सूचना दोन टंकांत दिल्या, एक साधा आणि एक ब्रशच्या फटकाऱ्यांचा. साध्या टंकात वाचणाऱ्यांना वाटलं, व्यायामाला आठेक मिनिटं लागतील. फटकाऱ्यांत वाचणाऱ्यांचा अंदाज पंधरा मिनिटांचा. वाचायला जड गेलं म्हणजे करायलाही जड, असा हिशेब मेंदू नकळत करतो, आणि व्यायाम करायची तयारीही त्या गटात कमी दिसली.

असंच जड वाचन शेतकऱ्याच्याही हाती येतं: कांद्यावर, डाळिंबावर फवारायच्या औषधाच्या डब्यासोबत घडी घातलेलं पत्रक येतं. पातळ कागद, अनेक भाषा, मुंगीएवढी अक्षरं. पीक, कीड, मात्रा, पाण्याचं प्रमाण, फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, विषबाधा झाली तर काय करायचं, सगळं त्यात असतं. डब्यावर रंगीत त्रिकोणही असतो: लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखाली, मग निळा, मग हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ही उत्तम सोय. पण रंग मात्रा सांगत नाही. म्हणून बरेच जण दुकानदाराला विचारून मोकळे होतात, आणि काही जण मोबाईलवर पत्रकाचा फोटो काढून तो बोटांनी ताणून वाचतात. अक्षर मोठं होतं, पण तेवढ्यात तक्त्याचं शीर्षक पडद्याबाहेर जातं आणि हा आकडा एकरी की हेक्टरी, ते आठवणीवर राहतं. इथे भाषेचं भांडवल कामाला येत नाही, कारण ‘५ मिली’ आणि ‘०.५ मिली’ ही दोन्ही वाक्यात तितकीच सुरळीत बसतात. रुग्णालयांच्या औषधसुरक्षेत दशांशचिन्हाआधी शून्य लिहायचंच असा दंडक सांगितला जातो, तो एवढ्यासाठी, की टिंब उडालं तरी आधीचं शून्य पाहून कुणीतरी अडखळावं.